निवट्या की नोकरी?

पत्र थोडक्यात असं : पत्रलेखिका २३ वर्षांची आहे, भांडुपला राहते, प्राणिशास्त्रात एम.एस्सी.च्या शेवटच्या सत्राला आहे. प्रकल्पासाठी तिने ठाणे खाडीच्या चिखलात निवट्यांची, म्हणजे चिखलात राहणाऱ्या लहान माशांची, बिळं मोजली. एक जागा नाल्याच्या तोंडाशी, दुसरी नाल्यापासून लांब. दोन्हींत फरक निघाला नाही, आणि ‘रिझल्टच आला नाही’ म्हणून ती खट्टू आहे. तरीही पीएच.डी. करायची ती परिसंस्था आणि उत्क्रांती याच विषयांत, हे तिचं ठरलेलं आहे. मध्येच ऐरोलीच्या एका कंपनीने औषधांच्या दुष्परिणामांच्या नोंदी तपासण्याची नोकरी देऊ केली, महिना २२,००० रुपये. वडील कारखान्यात टर्नर, दोन वर्षांत निवृत्त होतील. आई पोळीभाजीचे डबे देते, भाऊ बारावीत आहे, डोक्यावर घरासाठी घेतलेलं कर्ज आहे. वडील म्हणतात, ‘निवट्या मोजून कुणाचं पोट भरलंय?’ तिचे सर म्हणतात, ‘मुंबईत कसली इकॉलॉजी, बेंगळुरूला जा.’ मामेभाऊ तिशीला आला तरी त्याचा प्रबंध अजून संपलेला नाही. हिचं शिक्षण मराठी माध्यमातलं, गणिताची धास्ती. ती विचारते : हे क्षेत्र घरचं बरं असणाऱ्यांसाठीच आहे का? आणि आत्ता नोकरी धरली तर संशोधन कायमचं सुटेल का?

सुरुवात पैशापासून करू या. पत्रभर तू पैशाभोवती फिरतेस, पण आकडा मात्र एकच लिहितेस, नोकरीच्या पगाराचा. पीएच.डी.चा आकडा कुठेच नाही. मला वाटतं, तुमच्या घरात पीएच.डी. म्हणजे आणखी पाच वर्षांची फी असं धरूनच सगळं बोलणं चाललंय. सीएसआयआर किंवा यूजीसीची ज्युनिअर रिसर्च फेलोशिप, म्हणजे जेआरएफ, मिळाली तर २०२३ पासूनच्या दराने पहिली दोन वर्षं महिना ३७,००० रुपये मिळतात. पुढे सीनिअर झाल्यावर ४२,०००. संस्थेने राहायची सोय केली नसेल तर घरभाडे भत्ता वेगळा. तुझ्या हातातल्या नोकरीपेक्षा ही रक्कम बरीच मोठी आहे. हे बाबांना माहीत आहे का? तुझ्या पत्रावरून तरी तसं वाटत नाही.

दुसरी बाजूही तितकीच स्पष्ट सांगते. जेआरएफसाठी द्यावी लागणाऱ्या नेट परीक्षेचा निकाल आता तीन गटांत लागतो : पहिल्या गटाला जेआरएफ, दुसऱ्याला प्राध्यापकपदाची आणि पीएच.डी.ची पात्रता, तिसऱ्याला फक्त पीएच.डी.ची. पैसे पहिल्याच गटात आहेत, आणि तो गट लहान असतो. शिवाय फेलोशिप दर महिन्याच्या एक तारखेला खात्यात पडेल या भरवशावर कुणी राहू नये. ती अनेकदा काही महिने रखडते आणि मग एकदम येते. कर्जाचा हप्ता असलेल्या घरात याचा अर्थ काय होतो, हे तुला सांगायला नको. म्हणून माझं मत पक्कं आहे : विद्यावेतनाची सोय झाल्याशिवाय पीएच.डी.ला नाव नोंदवू नकोस. ‘आधी रजिस्ट्रेशन करून टाक, पैशाचं पुढे बघू’ असं तुला कुणी ना कुणी प्रेमानेच सांगेल. तुझ्यासारख्या घरातल्या हुशार मुली तिथेच अडकलेल्या मी पाहिल्या आहेत. तिसऱ्या वर्षी शिकवण्या घेऊन घर चालवायचं, आणि प्रबंध रविवारवर ढकलत राहायचा.

आता तुझ्या सरांचं ‘बेंगळुरूला जा’. सल्ला वाईट नाही, पण त्यामागचं कारण मला पटत नाही. मुंबईत इकॉलॉजी नाही असं म्हणणाऱ्याने मुंबईकडे नीट पाहिलेलं नाही. जोगेश्वरीत एका शाळेच्या आवारातल्या विहिरीतून सापडलेला ईलसारखा मासा २०२१ मध्ये नवी प्रजाती म्हणून जाहीर झाला. त्याचं नाव रक्तामिक्थिस मुंबा. जमिनीखालच्या पाण्यात, अंधारात राहणारा हा मासा आंधळा आहे. त्याची दृष्टी किती पिढ्यांत गेली, त्याचे डोळस नातलग कुठे आहेत, आणखी किती विहिरींखाली तो असेल, हे सगळे उत्क्रांतीचे प्रश्न आहेत आणि ते लोकलने जाता येईल इतक्या अंतरावर आहेत. तुकाराम ओंबळे यांच्या नावाने ओळखला जाणारा उड्या मारणारा कोळी, इसियस तुकारामी, त्याच वर्षी ठाणे-कल्याण परिसरातून नोंदला गेला. तुमच्या भांडुपच्या डोंगरामागे जे राष्ट्रीय उद्यान आहे, तिथे २०१५ मध्ये कॅमेरे लावून ३५ बिबटे ओळखले गेले. तेही देहरादूनच्या भारतीय वन्यजीव संस्थेतल्या एका विद्यार्थ्याच्या एम.एस्सी.च्या कामात, म्हणजे आज तू ज्या पायरीवर आहेस त्याच पायरीवर.

पक्षितज्ज्ञ सालिम अलींचं उदाहरण तुला कुणीतरी देईलच, तर ते पुरतं घे. १९३० साली त्यांनी अलिबागजवळच्या किहीमला सुगरण पक्ष्यांचं निरीक्षण केलं. नर खोपा अर्धवट विणतो, मादी येऊन तो पाहून जाते, पसंत पडला तर त्यात राहायला येते, आणि मग नर शेजारी दुसरा खोपा विणायला घेतो. रोज तासन्‌तास बसून पाहणं, यापलीकडे त्यांच्याकडे साधनं फारशी नव्हती. पण त्यांना ही सवड मिळाली ती जर्मनीहून शिकून परतल्यावर संग्रहालयातली नोकरी उरली नव्हती म्हणून, आणि त्या काळात राहायला किहीमचं घर होतं म्हणून. तेव्हा ‘हे क्षेत्र घरचं बरं असणाऱ्यांसाठीच आहे का’ या तुझ्या प्रश्नाला मी नुसतं ‘छे, मुळीच नाही’ असं उत्तर देणार नाही. या क्षेत्रात बिनपगारी काम करवून घेण्याची सवय जुनी आहे. ‘व्हॉलंटिअर म्हणून ये, शिकायला मिळेल’ असं म्हणून जंगलात पाठवतात, प्रवास-जेवणही स्वतःच्या खर्चाने करायला लावतात, आणि पुढे तोच अनुभव निवडीत मोजला जातो. ज्याच्या घरी हप्ता नाही तो जातो, तुझ्यासारखी जाऊ शकत नाही. हा अन्याय आहे आणि त्याला अन्यायच म्हणायला हवं. त्यातून वाट काढायची तर पगारी वाटाच शोधायच्या. त्या आहेत.

बेंगळुरूचा खरा फायदा इथे येतो. तिथली भारतीय विज्ञान संस्था, एनसीबीएस ही जीवशास्त्राची संशोधन संस्था किंवा पुण्याची आयसर ही विज्ञान शिक्षण-संशोधन संस्था अशा ठिकाणी प्रवेश मिळाला की विद्यावेतनाची सोय बहुतेक संस्थेकडूनच होते. विद्यापीठात ती आपली आपण आणावी लागते. दुसरा फायदा सोबतीचा. एकाच मजल्यावर दहाजण उत्क्रांतीवर काम करत असतील तर चहाच्या वेळीसुद्धा शिकायला मिळतं. म्हणून अर्ज जरूर कर, फक्त ‘मुंबईत काही नाही’ म्हणून करू नकोस. परिसंस्थातज्ज्ञ माधव गाडगीळ मुंबई विद्यापीठातूनच प्राणिशास्त्रात एम.एस्सी. झाले, हार्वर्डला पीएच.डी. केली, परत आले आणि १९८३ मध्ये बेंगळुरूला परिसंस्था विज्ञान केंद्र उभं केलं. त्यांच्या कामाचा मोठा भाग याच आपल्या सह्याद्रीचा. नाव पुण्यात किंवा बेंगळुरूत नोंदवून अभ्यासाची जागा ठाणे खाडी ठेवता येते, हे मार्गदर्शकाला सुरुवातीलाच विचार. प्रवेश परीक्षांपैकी गेटमध्ये ‘इकॉलॉजी अँड इव्होल्युशन’ असा स्वतंत्र पेपर असतो, आणि टीआयएफआर-एनसीबीएससाठी जीबिल्स नावाची परीक्षा आहे. तुझ्या वर्गातल्या बहुतेकांना नेटपलीकडचं माहीत नसतं, म्हणून मुद्दाम लिहिते.

आता माझ्या मनात सगळ्यात जास्त घोळत राहिलेली गोष्ट, तुझा ‘न आलेला’ रिझल्ट.

फरक दिसला नाही हाही निकालच आहे. पण तो कशाचा, ते पाहू. तू लिहितेस की प्रत्येक जागी चिखलावर ठरावीक मापाच्या तीस चौकटी टाकून त्यांतली बिळं मोजली. मग तुझा नमुना किती मोठा झाला? तू म्हणशील साठ. तुझा प्रश्न नाल्याच्या परिणामाचा आहे, आणि नाल्याजवळची जागा एकच, लांबची एकच. त्या प्रश्नापुरता तुझा नमुना दोनचा आहे. एकाच जागी तीसऐवजी तीनशे चौकटी टाकल्यास तरी तो दोनच राहील, कारण त्या दोन जागांत नाल्याशिवाय आणखी पन्नास गोष्टी वेगळ्या असू शकतात : चिखल किती मऊ, उतार किती, तिवरांची सावली किती, ओहोटीत पाणी किती वेळ उतरलेलं असतं. चार-पाच नाले घेतले असतेस आणि प्रत्येकाजवळ कमी चौकटी टाकल्या असत्यास, तर तेवढ्याच मेहनतीत उत्तर बळकट झालं असतं. ही चूक जगभरातल्या छापून आलेल्या निबंधांतही सापडते, तेव्हा मनाला लावून घेऊ नकोस. आणखी एक. बिळं मोजली म्हणजे निवट्या मोजल्या असं होत नाही. एका बिळाला अनेकदा एकाहून जास्त तोंडं असतात, आणि चिखलातली बरीच भोकं खेकड्यांची. ओहोटीला दुर्बिणीने प्रत्यक्ष मासे मोजून, बिळांची संख्या आणि माशांची संख्या यांचं नातं आधी बसवून घ्यायला हवं होतं.

पण समज, हे सगळं नीट करूनही फरक निघाला नाही. मग? सांडपाण्यामुळे पाण्यातला प्राणवायू घटला की बाकीचे मासे हटतात. निवटी मात्र ओल्या त्वचेतून आणि तोंडाच्या अस्तरातून हवेतला प्राणवायू घेते. नाल्याच्या तोंडाशीही ती टिकून असेल तर त्यात ‘काही नाही’ असं नाही, तिथून पुढे प्रश्न सुरू होतो : ती नुसती सोसते आहे की बदललीही आहे? उत्क्रांती म्हणजे लाखो वर्षांचा मामला, तीन वर्षांत काय दिसणार, असं तू लिहिलंस. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर किलिफिश नावाचा लहान मासा कारखान्यांच्या विषारी सांडपाण्याच्या खाड्यांत राहतो. त्या खाड्यांतल्या किलिफिशमध्ये काही दशकांतच विष सोसण्याची आनुवंशिक क्षमता आल्याचं दाखवून दिलं गेलं आहे, आणि तीही एकाहून अधिक खाड्यांत, स्वतंत्रपणे. ठाणे खाडीच्या निवट्यांबाबत असं काही असेलच असं मी म्हणत नाही. पण हा प्रश्न विचारता येतो, आणि तो विचारण्याइतका चिखल तू तुडवलेला आहेस. ज्या प्रकल्पाला तू अपयश म्हणतेस त्यातूनच तुझा पीएच.डी.चा प्रस्ताव निघू शकतो.

आणि या दोन परिच्छेदांत जे झालं त्यालाच या क्षेत्रात संख्याशास्त्र म्हणतात. कशाची कशाशी तुलना करतोय, नेमकं काय मोजतोय, याचा स्वच्छ विचार. आकडेमोड ‘आर’ नावाचं फुकट सॉफ्टवेअर करून देतं, ते तुझ्याच साठ चौकटींवर शिकायला घे. गेटच्या पेपरात गणित येतं, त्यासाठी संभाव्यता आणि मूलभूत कलन (कॅल्क्युलस) वर्षभर रोज थोडं करावं लागेल. घाबरून टाळण्याइतकं ते अवघड नाही.

प्रश्न निवडताना कॅलेंडर समोर ठेव. यूजीसीच्या २०२२ च्या नियमांप्रमाणे पीएच.डी. कमीत कमी तीन आणि सर्वसाधारणपणे जास्तीत जास्त सहा वर्षांची. आपल्या डोंगरातली कारवी साधारण आठ वर्षांनी एकदा, सगळी एकदम फुलते. असं का, हा उत्क्रांतीतला फार सुंदर प्रश्न आहे, पण एका फेलोशिपमध्ये तो मावत नाही. दोन पावसाळ्यांत ज्याचं निदान अर्धं उत्तर मिळेल असा प्रश्न घे. पहिला पावसाळा चुका करण्यात जातो आणि दुसऱ्यात खरं काम होतं, असाच बहुतेकांचा अनुभव आहे. मामेभावाचं घोडं कुठे अडलं ते मला माहीत नाही, पण त्याला एकदा निवांत विचार. तिशीपर्यंत रखडलेल्या प्रबंधांत अनेकदा प्रश्नच मुदतीपेक्षा मोठा घेतलेला असतो, किंवा मार्गदर्शक मसुदा महिनोन्‌महिने वाचत नाही. आळस हे कारण लोक समजतात त्यापेक्षा फार क्वचित असतं.

तर नोकरी धरायची का? तुझ्या घरची परिस्थिती पाहता, धर. मात्र सही करण्याआधी बाँड आहे का ते बघ. दोन वर्षांचा बाँड असेल तर मी नाही म्हणेन, कारण मग परीक्षा आणि प्रवेश यांच्या तारखा तुझ्या हातात राहणार नाहीत. बाँड नसेल तर स्वतःशी एक तारीख ठरव, समजा पुढच्या वर्षीचे जुलै-ऑगस्टचे प्रवेश, आणि ती आईबाबांनाही सांग. नेट वर्षातून दोनदा होते, गेट एकदा. जेआरएफला वयाची अट आहे, पण महिलांना त्यात पाच वर्षांची सवलत मिळते, तेव्हा ‘आता नाही तर कधीच नाही’ ही भीती तेविसाव्या वर्षी बाळगायचं कारण नाही. खरी भीती वेगळी आहे. ऑफिसातून घरी येऊन पुस्तक उघडण्याचं बळ उरत नाही, आणि दुसऱ्या वर्षी पगारवाढ झाली की तारीख आपोआप पुढे सरकते. त्यासाठी महिन्यातून एक सुट्टी खाडीला दे. भरती-ओहोटीचं वेळापत्रक पाहून ओहोटीची वेळ गाठ, बांधावरून दुर्बिणीने निवट्या मोज, वहीत लिही. वर्षभराच्या अशा नोंदी मुलाखतीत गुणपत्रिकेपेक्षा जास्त बोलतात. अभयारण्याच्या हद्दीत उतरायचं किंवा काही पकडायचं असेल तर वनविभागाची परवानगी आधी घे. २०१५ पासून खाडीचा तो भाग फ्लेमिंगो अभयारण्य आहे, आणि २०२२ पासून रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागाही.

नोकरीऐवजी एखाद्या संशोधन प्रकल्पात सहायकाची जागा मिळाली तर मी ती पसंत करेन. पगार अनेकदा तुझ्या ऑफरच्या आसपास असतो, मुदत मात्र वर्षावर्षाची. बीएनएचएस (बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी), कांदळवन प्रतिष्ठान, आयसर, विद्यापीठातले प्रकल्प यांच्या जाहिराती पाहत राहा. बीएनएचएस मुंबई विद्यापीठाचं मान्यताप्राप्त संशोधन केंद्रही आहे, हे लक्षात ठेव. घरी कर्ज नसलेल्या कुणी हेच विचारलं असतं तर मी सरळ प्रकल्पात जा म्हटलं असतं.

मार्गदर्शकाची निवड संस्थेच्या निवडीहून महत्त्वाची आहे. त्यांचे निबंध वाच, आणि पहिलं नाव विद्यार्थ्याचं आहे का ते पाहा. मग त्यांच्या दोन-तीन विद्यार्थ्यांना मार्गदर्शक समोर नसताना भेट किंवा फोन कर. किती जणांचं पूर्ण झालं, किती वर्षांत, मध्येच कोण सोडून गेलं आणि का, फील्डचा प्रवासखर्च कोण देतं, मुलींना एकटीला पहाटे-रात्री पाठवतात का, हे सगळं विचार. हे विचारण्यात उद्धटपणा काही नाही. प्रत्येक संस्थेत अंतर्गत तक्रार समिती असणं कायद्याने बंधनकारक आहे, आणि तिचं नाव काढल्यावर एखाद्या प्रयोगशाळेत शांतता पसरत असेल तर तिथे जाऊ नकोस.

मराठी माध्यमाचं म्हणशील तर इंग्रजीतून निबंध लिहिणं हे कसब आहे, ते सरावाने येतं. पण खाडीवर उतरणाऱ्या कोळ्यांशी त्यांच्या भाषेत बसून बोलणं, पूर्वी निवट्या कुठल्या भागात मिळायच्या, कुठल्या उधाणानंतर कमी झाल्या, हे काढून घेणं बाहेरून आलेल्याला दुभाष्याशिवाय जमत नाही. तुला ते आजच जमतं.

बाबांचा प्रश्न मी टोमणा म्हणून वाचत नाही. दोन वर्षांनी पगार थांबणार असलेल्या माणसाने तो विचारलाच पाहिजे. त्यांना उत्क्रांती समजावत बसू नकोस. एका कागदावर घरचा महिन्याचा खर्च, हप्ता, नोकरीचा पगार, जेआरएफची रक्कम आणि ती रखडली तर हाताशी लागणारी सहा महिन्यांची शिल्लक मांड. पीएच.डी.नंतर प्राध्यापकाच्या कायम जागा कमी आहेत, हेही त्याच कागदावर लिही. सोबत दुसऱ्या वाटाही लिही : पर्यावरण सल्लागार कंपन्या, कांदळवनांवर काम करणाऱ्या संस्था, आकडेवारीच्या विश्लेषणाच्या नोकऱ्या. जगणं टर्नरच्या कामावर काढलेल्या माणसाला मोजमाप समोर दिसलं की बोलणं सोपं जातं.

आणि या महिन्यात एक काम कर. तीन मार्गदर्शक निवड आणि प्रत्येकाला वेगळी ई-मेल लिही. ‘मला लहानपणापासून निसर्गाची आवड आहे’ यापासून सुरुवात नको, तसं सगळेच लिहितात. त्यांच्या कुठल्या निबंधातली कुठली गोष्ट तुझ्या चिखलाशी जुळते ते दोन ओळींत लिही. मग तुझा प्रकल्प, त्यात नमुना दोनचाच कसा ठरला आणि पुन्हा केलास तर तू काय बदलशील ते लिही. शेवटी विद्यावेतनाची सोय कशी होईल, हे न लाजता विचार. तिघांतल्या एकानेही दोन आठवड्यांत उत्तर दिलं नाही, तर एकदा आठवण करून दे आणि पुढची तीन नावं काढ.